लोकसंख्या ७८: सस्कॅचवानमधल्या गावात घर घ्यावं का?

पावशेर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

आम्ही तिघं (मी, बायको, सहा वर्षांची मुलगी) गेली तीन वर्षं कॅनडात, सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायना शहरात भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहतो. बायको नर्स आहे. तिला हायवे १५ च्या पट्ट्यात एका छोट्या टाउनमध्ये कायमची नोकरी मिळतेय. माझं काम घरूनच चालतं. त्या टाउनपासून वीस किलोमीटरवर एक गाव आहे, तिथं एक घर पाहिलं. तीन खोल्या, गॅरेज, मागे एवढी जागा की आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या दोन इमारती बसतील. किंमत ५२ हजार डॉलर. रिजायनात एवढ्या पैशात गॅरेजचं दारही दाखवत नाहीत.

गावाच्या पाटीवर लोकसंख्या ७८. शेजारचे आजोबा म्हणाले, "तो जुना आकडा. आता मोजलीत तर साठ भरतील, कुत्री धरली तर पाऊणशे." शाळा बंद, बँक बंद, चर्च महिन्यातून एकदा. पोस्ट आहे, एक हॉल आहे, कर्लिंगची (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) रिंक आहे. मुख्य रस्त्यावर निम्म्या दुकानांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या.

ओळखीचे सगळे म्हणतात, मरतं गाव आहे, वेडेपणा करू नका. पण मी तासभर पायी फिरलो. जिथं माणसं राहतात तिथलं गवत कापलेलं, आणि जिथं राहत नाहीत तिथलंही कापलेलं! ते कोण कापतं, हे विचारायचं राहून गेलं.

तर प्रश्न असा: घ्यावं का? आणि अशी गावं अशी का होतात, हेही कुणी सांगितलं तर बरं.

खडूस_काका

पैसे जास्त झाले असतील तर माझा खाते क्रमांक खासगी निरोपात पाठवतो.

मधुरा_पी

मी नऊ वर्षं सस्कॅचवानच्या खेड्यात फार्मसी चालवते. आमचं टाउन तुमच्या गावापेक्षा मोठं, म्हणजे चारशेचं. काकांसारखी थट्टा नाही करत, कामाचं सांगते.

एक, कर्ज. इतक्या स्वस्त घराला आणि इतक्या छोट्या गावाला बँका सहसा हात लावत नाहीत. रोख असेल तरच पुढचं बोला. दोन, विमा. सर्वांत जवळचा अग्निशमन बंब किती किलोमीटरवर आहे यावर हप्ता ठरतो, आणि तो बंब चालवणारे स्वयंसेवक असतात, म्हणजे पेरणीच्या दिवसांत आग लागली तर ते शेतात असतात. तीन, पाणी. गावाच्या पाण्याला "उकळून प्या" अशी सूचना लागू आहे का, ते विचारा. काही गावांत ती वर्षानुवर्षं लागू असते, लोकांना तिचं काही वाटेनासं होतं. चार, बेसमेंटच्या भिंती. एप्रिलमध्ये बर्फ वितळताना बघा, सप्टेंबरमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात. पाच, भट्टी, म्हणजे फर्नेस, किती वर्षांची आहे? उणे चाळीसला ती बंद पडली आणि तुम्ही सुट्टीवर असलात, तर परत आल्यावर नळ फुटलेले मिळतील.

घर परत विकलं जाईल हे मनात आणू नका. दहा वर्षांचं भाडं आगाऊ भरलं असं समजा. त्या हिशोबात बसत असेल तर घ्या.

आणि गवताचं उत्तर: शेजारचे आजोबा कापतात. तुम्ही राहायला गेलात की पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला कुठल्यातरी समितीचा खजिनदार करतील. लिहून ठेवा.

गॅलरीतला_बोका

साठ म्हणजे गर्दी हो. अमेरिकेत नेब्रास्कात मोनोवाय नावाचं गाव आहे, २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या १. एल्सी आयलर नावाच्या बाई. नवरा २००४ मध्ये गेला, तेव्हापासून त्याच महापौर, त्याच कारकून, त्याच खजिनदार. खानावळ-कम-बार चालवायच्या, त्याचा दारूचा परवाना स्वतःच स्वतःला द्यायच्या. नवऱ्याच्या पुस्तकांचं वाचनालयही केलं, पाचेक हजार पुस्तकं.

पण खरी गंमत २०२० च्या जनगणनेत झाली. आकडा आला २. बाई म्हणाल्या, हा दुसरा कोण ते मलाही सांगा. झालं असं की लोकांची वैयक्तिक माहिती ओळखू येऊ नये म्हणून जनगणनावाले आकड्यांत मुद्दाम थोडा गोंधळ घालतात. एका माणसाच्या गावात तो लपणार कुठे?

पाटलीणबाई

@बोका, आमच्या सोसायटीत २०० फ्लॅट आहेत आणि खजिनदार कुणी व्हायला तयार नाही. त्या बाईंना इकडे पाठवा.

पावशेर, आमचं माहेर राजापूरकडे. तिकडेही वाडीत दहा घरांना कुलूप. पण गणपतीला उघडतात, रंग काढतात, भांडतात, परत कुलूप. तुमच्या त्या गावात असा वर्षाचा एखादा सण असतो का, जेव्हा बाहेर गेलेले परत येतात? तो असेल तर गाव मेलं म्हणू नये.

एक_मैल

अशी गावं का होतात, हा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिलेला दिसतो. मी रेल्वेवेडा, म्हणून उत्तर देतो. लांबेल.

आपल्याकडे गाव आधी होतं, रेल्वे नंतर आली. प्रेअरीत, म्हणजे इकडच्या सपाट गवताळ मुलखात, उलट. १८७२ च्या कायद्याने सरकारने जमीन दिली: १६० एकर, नोंदणीची फी १० डॉलर, तीन वर्षं राहायचं, जमीन फोडायची, घर बांधायचं. त्यासाठी सगळा मुलूख आधी चौकोनांत कापला. एक मैल बाय एक मैल म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर, असे ३६ सेक्शन म्हणजे एक टाउनशिप. नकाशा पाहिलात तर गणिताची वही वाटेल.

मग गहू स्टेशनपर्यंत न्यायचा कसा? घोडागाडीने. सकाळी निघून, धान्य टाकून, त्याच दिवशी घरी पोचता यायला हवं. म्हणून रेल्वेने साधारण आठ-दहा मैलांवर एकेक थांबा टाकला. थांब्याला धान्याचं एलेव्हेटर, म्हणजे उंच कोठार, त्याच्या आसऱ्याने दुकान, बँक, शाळा, हॉटेल. म्हणजे ही गावं विहिरीवर, देवळावर किंवा बाजारावर बसलेली नाहीत. घोड्याच्या दमावर बसलेली आहेत.

आणि पावशेर, तुमच्या पट्ट्याची तर फारच मजा आहे. ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने तिथं स्टेशनांना नावं देताना डोकं चालवायचं नाही असं ठरवलं आणि इंग्रजी मुळाक्षरं लावली. फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जास्मिन, केलिहर, लेरॉस, लेस्टॉक, मग पनिची, क्विंटन, रेमोर, सीमन्स, टेट, अन्डोरा, व्हेन, वॉट्रस. एक्सवरून काय ठेवायचं? झीना (Xena)! मग यंग, झेल्मा, आणि झेड संपल्यावर परत अ पासून: ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट. बाराखडी पाठ असेल तर पुढचं स्टेशन कुठलं ते झोपेतून उठूनही सांगता येईल.

आता ट्रक आला तेव्हा दहा मैल म्हणजे दहा मिनिटं झाली. दर दहा मिनिटांवर एक बँक, एक शाळा कोण चालवणार? वॉट्रस टिकलं, टेट जवळजवळ पुसलं गेलं. मुख्य लाइन अजून आहे, मालगाड्या धडधडत जातात. थांबत नाहीत इतकंच.

खडूस_काका

म्हणजे रेल्वेने पैदा केलं आणि रेल्वेनेच टाकून दिलं. यात आश्चर्य काय? ते गाव नव्हतंच, एसटीचा विनंती थांबा होता. विनंती करणारे संपले.

नांगरट

एक_मैल, लेख झकास पण अर्धाच. नुसत्या ट्रकवर खापर फोडू नका. मी अकोल्याचा, कृषी पदवीधर, इकडे बियाण्यांच्या कामात आहे. रोज शेतकऱ्यांच्या दारात असतो.

१९३६ मध्ये सस्कॅचवानात १,४२,३९१ शेतं होती. २०२१ मध्ये ३४,१२८. जमीन तेवढीच. सरासरी शेत आता १,७६६ एकरांचं. माझा एक शेतकरी बारा हजार एकर करतो, तो, भाऊ आणि हंगामाला दोन गडी, बस. पूर्वीच्या १६० एकरांच्या हिशोबाने तेवढ्या जमिनीवर पंचाहत्तर कुटुंबं असती. पंचाहत्तर कुटुंबांची पोरं शाळेत जात, हॉकी खेळत, एकमेकांशी लग्न करत. आता ती पोरंच नाहीत, तर शाळा कोणासाठी? आणि प्रांत रिकामा झालेला नाही बरं. १९३१ मध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास लोक होते, २०२१ मध्ये सव्वाअकरा लाखांवर. माणसं प्रांतातच आहेत, पण सॅस्काटूनात नि रिजायनात.

दुसरा धक्का क्रो रेटचा. १८९७ च्या करारापासून धान्याच्या वाहतुकीला सवलतीचा दर होता. शेवटी त्याचं अनुदान १ ऑगस्ट १९९५ ला बंद झालं. भाडं एकदम शेतकऱ्याच्या अंगावर आलं. कंपन्यांनी आडलाइनी उखडल्या, लाकडी एलेव्हेटर पाडले, आणि पन्नास-साठ मैलांवर एकेक काँक्रीटचा राक्षस उभा केला, जो शंभर डब्यांची गाडी एका दमात भरतो. १९३० च्या दशकात तिन्ही प्रेअरी प्रांतांत मिळून साडेपाच हजारांवर एलेव्हेटर होते, आता चारशेच्या आत. एलेव्हेटर पाडला की गावाचा सर्वांत मोठा करदाता जातो. त्यानंतर रस्त्याचा खड्डा बुजवायलाही पैसे उरत नाहीत.

आणि ऐका, याच भाड्यामुळे लोक नुसत्या गव्हावरून मसूर-वाटाण्याकडे जास्त वळले. म्हणजे तुमच्या आमटीचा आणि त्या फळ्या ठोकलेल्या दुकानांचा थेट संबंध आहे.

कोकम

काय सांगता! मसूर तिकडची?

नांगरट

कॅनडाची बहुतेक सगळी मसूर सस्कॅचवानात होते आणि भारत तिचं मोठं गिऱ्हाईक. सॅस्काटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड म्हणून शास्त्रज्ञ १९७२ मध्ये आले, त्यांनी १९७८ मध्ये लेअर्ड नावाचं मसुरीचं वाण दिलं, मग एस्टन. लेअर्ड आणि एस्टन ही दोन्ही तिथल्या छोट्या गावांचीही नावं आहेत. लेअर्ड मात्र मोठी हिरवी मसूर, आपली लाल वेगळी.

इकडचा शेतकरी आपल्या मान्सूनची बातमी आपल्यापेक्षा बारकाईने वाचतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क लावलं, डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के, तेव्हा कॉफीच्या टेबलावर सगळे माझ्याकडे असे बघत होते जणू मीच सही केली.

कोकम

म्हणजे रगड्यातला वाटाणा प्रेअरीचा असू शकतो. आजपासून रगडा पॅटिस हा परदेशी पदार्थ.

पाटलीणबाई

पण तिकडचा वाटाणा शिजतो का हो नीट? आमच्याकडे मागच्या वेळी रात्रभर भिजवून चार शिट्ट्या काढल्या तरी

खडूस_काका

झालं. माणूस घर घेतोय आणि यांचा कुकर लागला.

सुलेखा_द

थोडं वेगळं बोलते, राग नसावा.

वर कुणीतरी लिहिलं की सरकारने जमीन "दिली". कुणाची दिली? त्या पट्ट्यासाठी १५ सप्टेंबर १८७४ ला फोर्ट कपेल इथं क्री, सोटो आणि इतर मूळ रहिवाशांशी सरकारचा करार क्रमांक ४ झाला. १८८० च्या सुमारास बायसनचे (तिकडच्या रानगव्यांचे) कळप संपले, लोक उपाशी पडले, त्यांना राखीव जमिनीत कोंबलं. नंतर तर बाहेर पडायला अधिकाऱ्याची चिठ्ठी लागायची. एक_मैल यांच्या यादीतलं पनिची आठवतंय ना? त्याच्या आसपास अशा चार राखीव वस्त्या आहेत. तिथली गॉर्डन निवासी शाळा, जिथं मूळ रहिवाशांच्या पोरांना आईबापांपासून तोडून ठेवत, ती १९९६ मध्ये बंद झाली. १८९६ नाही.

दुसरं म्हणजे "सगळा ग्रामीण भाग आकसतोय" हे अर्धसत्य आहे. या वस्त्यांतली लोकसंख्या तरुण आहे आणि वाढते आहे. पावशेर, तुमची मुलगी जिथं शाळेत जाईल तिथं निम्मी मुलं कदाचित या घरांतली असतील. गाव मरतंय असं जे म्हणतात, ते कुठल्या गावाबद्दल बोलतात, हेही विचारा.

एक_मैल

सुलेखाताई, बरोबर आहे. मी "मुलूख कापला" लिहिलं आणि कुणाचा ते लिहिलं नाही. नकाशाच्या नादात राहिलं.

पावशेर

सुलेखाताई, मनापासून आभार. बायको म्हणाली, तिच्या हेल्थ सेंटरमध्ये येणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच वस्त्यांतले आहेत. मी गावाच्या पाटीवरचा आकडा बघत बसलो, तिने आधीच विचारून ठेवलं होतं.

स्टेपनी

मी ट्रक चालवतो, विनिपेग ते कॅलगरी, मध्ये आडवळणं. तुम्हा लोकांनी एवढं लिहिलं पण रस्त्याबद्दल कुणी नाही.

गावाकडच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. हात हलवायचा नाही, एकच बोट. नाही उचललं तर संध्याकाळपर्यंत गावात चर्चा, की निळ्या पिकअपवाला नवीन माणूस शिष्ट आहे. दुसरं, सरळसोट रस्ता अचानक काटकोनात वळतो, थोडा जाऊन परत सरळ होतो. मला वाटलं दारू पिऊन आखलाय. नंतर कळलं, पृथ्वी गोल, चौकोन चपटे, उत्तरेला जावं तशा रेषा जवळ येतात, म्हणून दर २४ मैलांवर चूक दुरुस्त करतात.

२०१९ च्या जानेवारीत वादळात अडकलो. समोरचं बॉनेट दिसेना. एका घराचा दिवा दिसला, म्हातारीने दार उघडलं, नाव विचारायच्या आधी बूट काढायला लावले. दोन रात्री ठेवलं. बटाटे खाल्ले, पत्ते खेळलो, तिने मला लुबाडलं (चाळीस सेंट). निघताना पैसे देऊ केले तर म्हणाली, वसंतात परत जाशील तेव्हा रिजायनाहून माझी औषधं आणशील का. कारण प्रांताची सरकारी बससेवा, १९४६ पासूनची, ३१ मे २०१७ ला बंद झाली. त्या बसने औषधं यायची, माणसं तपासणीला जायची. आता गाडी चालवता येत नसेल तर शेजारी हीच बस.

तर पावशेर, तुम्ही शेजारी होणार आहात. दोघांचंही लायसन्स हवं, वहिनींचंही.

अबोली_न

सगळे गोड गोड लिहिताहेत म्हणून लिहिते. आम्ही चार वर्षं अशा गावात होतो आणि परत आलो.

लोक वाईट नव्हते. पहिल्या आठवड्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही इतके केक आणि कॅसरोल आले. बर्फात गाडी रुतली की न सांगता ट्रॅक्टर हजर. पण मदत आणि मैत्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या गप्पा म्हणजे कोण कुणाचा चुलतभाऊ, १९८२ च्या संघात गोलकीपर कोण होता. चाळीस वर्षं एकत्र काढलेल्या माणसांच्या गप्पांत मी काय बोलणार? हसायचे कधी ते दुसऱ्यांकडे बघून ठरवायचे.

मुलाची शाळेची बस सकाळी सात दहाला, एका बाजूचा प्रवास पंचावन्न मिनिटं. वर्गात तो धरून अकरा. डिसेंबरात तो अंधारात जायचा, अंधारात यायचा. नवरा कामावर. मी आणि खिडकी. तिसऱ्या हिवाळ्यात मी फ्रिजशी मराठीत बोलायला लागले आणि एकदा फ्रिज गुरगुरला तेव्हा "हो ना" म्हणाले. त्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, चला.

घर पंधरा महिने विकलं गेलं नाही. शेवटी शेजाऱ्याने जमिनीसाठी घेतलं आणि पाडलं.

मधुरा_पी

अबोली, वाचून गलबलले. तुझं खोटं नाही. पण मी एक गोष्ट वेगळी केली आणि ती योगायोगाने: मला काम होतं. काउंटरपलीकडे रोज तीस माणसं, प्रत्येकाचं बीपी मला ठाऊक. गप्पांत शिरायला मला गोलकीपर माहीत असण्याची गरज पडली नाही. पावशेर, वहिनींचं निभेल. प्रश्न तुमचा आहे. घरून काम करणारे, दिवसभर लॅपटॉपसमोर. फ्रिजशी तुम्ही बोलाल.

पाटलीणबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. असतो सण. शरदात, कापणी उरकली की, फाउल सपर. टर्की, बटाटे, कोबीचे रोल, पाय (pie, भाजलेला गोड पदार्थ), सगळं हॉलमध्ये, आणि साठच्या गावात तीनशे माणसं जेवतात. बाहेर गेलेले शंभर-दीडशे किलोमीटरवरून येतात. रंग नाही काढत, पण भांडतात.

पाटलीणबाई

भांडतात ना? मग ठीक आहे.

खडूस_काका

आता गंभीरपणे. घेऊ नका. भाड्याने घ्या, एक हिवाळा. पंधरा महिने विकलं न गेलेलं घर वर वाचलंत, म्हणजे मालक भाड्याला नाही म्हणणार नाही. रिकाम्या घरापेक्षा फर्नेस चालू ठेवणारा भाडेकरू त्यालाही परवडतो. एप्रिलमध्ये मधुरा म्हणते तशा बेसमेंटच्या भिंती बघा आणि बायकोचा चेहरा बघा. दोन्ही कोरडे असतील तर घ्या.

गॅलरीतला_बोका

काकांनी शहाणपणाचं लिहिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

पावशेर

(सात महिन्यांनंतर)

धागा वर काढतोय, माफी असावी. काकांचं ऐकलं. महिना ६०० डॉलर भाडं ठरलं, आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आलो. फाउल सपर दुसऱ्याच शनिवारी होतं. मी मसुरीची आमटी करून नेली. आजोबांनी, हो, गवत तेच कापतात, दोनदा घेतली आणि विचारलं ही काय आहे. म्हटलं, तुमच्याच शेतातली. आयुष्यभर पिकवली पण खाल्ली पहिल्यांदा, म्हणाले.

अबोलीताई, तुमचं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं होतं. जानेवारीत तीन आठवडे उणे पस्तीसच्या खाली होतं, आणि मधुराताई म्हणाल्या तसं ते माझ्यावरच आलं. आता मंगळवारी नि गुरुवारी लॅपटॉप घेऊन रिंकच्या स्वयंपाकघरात बसतो, तिथं हीटर चांगला आहे आणि चार म्हातारे येतात. १९८२ चा गोलकीपर त्यांतलाच एक आहे. बस पन्नास मिनिटांची आहे, मुलगी त्यात झोपते. तिची मैत्रीण पनिचीजवळच्या वस्तीवरची, तिच्याकडून आमच्याकडे क्री भाषेत एक ते दहा आकडे आलेत.

बेसमेंटच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे. हातभर. घराचं अजून ठरलेलं नाही.

मधुराताई, तुमचा अंदाज चुकला. खजिनदार नाही, सेक्रेटरी केलंय.

मधुरा_पी

खजिनदार कोण?

पावशेर

आजोबा. पण त्यांना कमी दिसतं, त्यामुळे वही माझ्याकडेच असते.

खडूस_काका

ओल किती रुंद? फोटो टाका.